ठकीची डोली: कोल्हापूर ते पुणे, मांजरीसोबतचा प्रवास

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत शिरले, तेव्हा आमची मांजर ठकी दीड वर्षांची होती. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावरचे पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. आमच्या गल्लीत होडी आली, तेव्हा आईला उतरवायचे, महत्त्वाची कागदपत्रे घ्यायची आणि निघायचे, एवढाच अवधी हाताशी होता. मांजर न्यायला घरात टोपलीसुद्धा नव्हती. मी ठकीला उशीच्या अभ्र्यात घातले आणि त्याचे तोंड आवळून धरून होडीपर्यंत आणले. होडीत पाय ठेवताना माणसांचा गलका आणि इंजिनाचा आवाज एकदम कानावर आला आणि तिने आतून अशी धडपड केली की जुना अभ्रा शिवणीवर उसवला. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत नखांचे चरे उमटले, आणि ती शेजारच्या माडीच्या पन्हळीवरून कौलांवर चढून दिसेनाशी झाली.

पाणी उतरल्यावर सहाव्या दिवशी ती त्याच माडीवर, धान्याच्या पोत्यांमागे सापडली. अंगाची हाडे मोजता येत होती आणि आवाज पार बसला होता. ती वाचली, पण पुढची कित्येक वर्षे कोणी कापडी पिशवी झटकली तरी ती कपाटाखाली जाऊन बसत असे. हा दोष पुराचा नव्हता. ज्या जिवाला आपण घरात आणले, त्याला घराबाहेर सुखरूप कसे न्यायचे याचा विचार मी दीड वर्षात एकदाही केला नव्हता, आणि त्याची किंमत तिने मोजली. म्हणूनच २०२४ च्या सप्टेंबरमध्ये माझी पुण्याला बदली झाल्याचे कळले, तेव्हा सामान, घरभाडे आणि आईची औषधे या सर्वांच्या आधी माझ्या मनात ठकी आली. निघायला अडीच महिने होते.

प्रथम मी कसे न्यायचे याची चौकशी केली. रेल्वेचा नियम असा की, प्रथम श्रेणीच्या वातानुकूलित डब्यातील दोन बर्थचे कूपे किंवा चार बर्थचे केबिन संपूर्ण आपल्याच नावावर असेल, तरच पाळीव प्राणी आपल्याजवळ ठेवता येतो. कूपे मिळणार की नाही, हे आरक्षणाचा तक्ता लागेपर्यंत निश्चित नसते. ते नाही मिळाले, तर पार्सल कार्यालयात नोंद करून प्राण्याला गार्डच्या डब्यातील पेटीत एकटे ठेवावे लागते. दणकट, माणसाळलेल्या कुत्र्याला ते कदाचित सोसेल. पण आवाजाने जिचा जीव घाबरा होतो, अशा मांजरीला रात्रभर लोखंडी पेटीत, रुळांच्या खडखडाटात एकटी ठेवण्याची कल्पना मला सहन झाली नाही. एका परिचितांनी खासगी बसच्या डिकीतून पाठवण्याचे सुचवले आणि असे अनेकजण करतात, असेही सांगितले. मी त्यांना स्पष्ट नकार दिला. डिकीत हवा खेळत नाही, सामान घसरते आणि आत प्राण्याचे काय चालले आहे हे वाटेत कोणालाच कळत नाही. प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने त्याची वाहतूक करणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हाच आहे, हेही फारसे कोणाला ठाऊक नसते. शेवटी माझ्या धाकट्या भावाने आपली गाडी काढण्याचे कबूल केले आणि तो प्रश्न मिटला.

खरे काम यानंतर सुरू झाले, आणि त्याची सुरुवात माझ्या चुकीने झाली. मी दिसायला सुंदर, मऊ कापडाची, चेनची (झिपची) बॅग आणली. ठकीला आत ठेवून मी चेन ओढली, तेव्हा तिने नखाने चेनचे टोक शोधले आणि दोन मिनिटांत डोके बाहेर काढले. ही बॅग महामार्गावर उघडली असती तर काय झाले असते, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या पशुवैद्यांकडे गेले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींमुळे माझी दिशाच बदलली. कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, टणक प्लास्टिकचा असावा. त्याला समोर तसेच वरच्या बाजूनेही दार असावे, म्हणजे घाबरलेल्या मांजराला ओढून बाहेर काढावे लागत नाही. मांजर आत उभे राहू शकेल, वळू शकेल आणि अंग पसरून झोपू शकेल एवढा तो मोठा असावा, पण त्याहून फार मोठा नको, नाहीतर प्रत्येक वळणावर ते आत आपटत राहते. “आणि तो आजच घरी नेऊन ठेवा. प्रवासाच्या दिवशी माळ्यावरून काढलेला कॅरियर मांजराला सापळा वाटतो,” असे ते म्हणाले.

मी तो आणला, त्याचे पुढचे दार बिजागरीतून काढून बाजूला ठेवले आणि खोलीत ठकी जिथे उन्हाला बसते त्या कोपऱ्यात तो मांडला. आत काय घालावे, हे आईने ठरवले. तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली एक वाकळ होती, तिच्यावर ठकी लहानपणापासून झोपत आली होती. आईने त्या वाकळेचा हातभर तुकडा कापून त्याच्या कडा दुमडून शिवल्या. मऊ कापडाने ठकीचे गाल पुसून तेच कापड मी कॅरियरच्या आतल्या कोपऱ्यांवर फिरवत असे, कारण मांजराच्या गालांतील ग्रंथींचा वास त्याला ‘ही जागा आपली आहे’ असे सांगतो. पहिले चार दिवस ती त्या वस्तूला वळसा घालून जात होती. पाचव्या दिवशी मी दाराशी सुकट ठेवली, तेव्हा तिने मागचे पाय जमिनीवर घट्ट रोवून, मान जेवढी लांब जाईल तेवढी लांब करून एक-एक काडी ओढून खाल्ली. ते मागचे पाय कधी आत जातात, याकडे मी रोज पाहत असे. अकराव्या दिवशी दुपारी आईने मला हाक मारून बोलावले. ठकी आत वाकळेवर चारही पाय पोटाखाली घेऊन बसली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. आई हळूच म्हणाली, “आता ह्ये तिचं घर झालं बघ. पिंजरा म्हणू नगंस, डोली म्हण.” तेव्हापासून आमच्या घरात त्याला डोलीच म्हणतात.

त्यानंतर मी दार परत बसवले. प्रथम दार नुसते लोटायचे, लगेच उघडायचे आणि खाऊ द्यायचा. मग दहा सेकंद, मग एक मिनिट, मग पाच मिनिटे, असा तो क्रम होता. ती पंजाने दार ओरबाडू लागली की मी आदल्या दिवशीच्या वेळेवर परत येत असे. या कामात घाई केली तर आधी मिळवलेले सगळे एका दिवसात जाते, हा धडा मला तिसऱ्या आठवड्यात मिळाला. त्या दिवशी पाहुणे आले म्हणून मी तिला वीस मिनिटे आत ठेवले आणि पुढचे चार दिवस ती डोलीकडे फिरकली नाही. उचलतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागली. वरच्या मुठीला धरून डोली नेली की ती पावलागणिक झुलते. तीच तळाशी दोन्ही हात घालून छातीशी धरली की आतले मांजर शांत राहते.

दरम्यान, पशुवैद्यांकडची कामे पूर्ण झाली. रेबीजची आणि मांजरांना देतात ती तिहेरी लस निघण्याच्या महिनाभर आधी देऊन झाली, म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ मिळाला. वजन ३.८ किलो भरले. तिच्या भीतीचा इतिहास ऐकून त्यांनी गॅबापेंटिन हे औषध तिच्या वजनाच्या हिशेबाने लिहून दिले आणि निघण्यापूर्वी एकदा घरीच देऊन पाहण्यास बजावले. मात्रा मी येथे मुद्दाम लिहीत नाही. ती प्रत्येक मांजराची वेगळी असते आणि तपासल्याशिवाय ठरवायची नसते. घरी दिले त्या दिवशी दोन तासांनी ती सुस्तावली आणि मागच्या पायांनी थोडी झोकांड्या खाऊ लागली, म्हणून मी तिला उंचावर चढू दिले नाही. संध्याकाळपर्यंत ती पूर्ववत झाली. औषधाचा परिणाम कसा दिसतो हे आधी पाहिलेले असल्याने प्रवासाच्या दिवशी माझी घालमेल झाली नाही. ओळखीच्या एका बाईंनी माणसांची झोपेची अर्धी गोळी देण्याचा सल्ला दिला होता. तो ऐकून डॉक्टरांचा चेहरा बदलला. माणसांची कोणतीही गोळी मनाने देऊ नये, आणि घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराचा जीव घेते, असे त्यांनी सांगितले. कुत्र्यांसाठीची गोचीड मारण्याची काही औषधेही मांजरांना विषारी असतात. कुत्रा आणि मांजर दोन्ही असलेल्या घरांनी हे विशेष जपावे, असे मला वाटते.

गाडीची सवय रंकाळा तलावाच्या वाटेवर लावली. पहिल्या दिवशी गाडी गल्लीत उभीच ठेवून आम्ही दहा मिनिटे आत बसलो. दुसऱ्या वेळी इंजिन सुरू केले, पण गाडी जागची हलवली नाही. तिसऱ्या वेळी रंकाळ्याला एक फेरी मारली, आणि त्या फेरीत ठकीने लाळ गाळली, ओकली आणि डोलीतच लघवी केली. मला फार वाईट वाटले, पण त्यात माझीच चूक होती. निघण्याआधी तासभरच तिला पोटभर खाऊ घातले होते. पुढच्या वेळेपासून मी निघण्याआधी पाच-सहा तास खाणे बंद ठेवू लागले, पाणी मात्र चालू ठेवले, आणि वाकळेखाली वर्तमानपत्राऐवजी लघवी शोषणारे पॅड घालू लागले. पुन्हा ती कधी ओकली नाही.

सर्वांत मोठी चूक पाचव्या फेरीत झाली. रंकाळ्याच्या चौपाटीजवळ गाडी थांबवून मी डोलीचे वरचे दार उघडले आणि तिला कुरवाळत होते. भाऊ शेंगा घ्यायला उतरला होता, तो परत आला आणि त्याने सहज मागचे दार उघडले. त्याच वेळी शेजारून एका दुचाकीचा कर्णा वाजला आणि ठकी डोलीतून उसळली. तिच्या अंगात छातीवरून आणि पोटावरून जाणारा पट्टा होता; त्याची दोरी माझ्या मनगटाला गुंडाळलेली होती, म्हणून ती दारापर्यंत जाऊन अडकली आणि परत माझ्या मांडीवर ओढली गेली. हा अंगपट्टा घरात पंधरा दिवस रोज थोडा वेळ घालून तिला सवय लावली होती, नाहीतर तिने तो अंगावर टिकू दिला नसता. त्या दिवशी आम्ही एक नियम केला: गाडीत डोली उघडायची असेल तर सगळी दारे आतून बंद, काचा वर आणि किल्ली माझ्या हातात, बाहेर गेलेल्याने काचेवर टकटक करायची आणि मी ‘हो’ म्हटल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. भाऊ त्या प्रसंगाने माझ्यापेक्षाही जास्त हादरला होता. त्याने तो नियम पुढे कधीही मोडला नाही.

निघण्यासाठी डिसेंबरचा पहिला आठवडा ठरवला. उन्हाळ्यात बंद गाडी किती वेगाने तापते, हे आपण गृहीत धरतो त्यापेक्षा फार भयंकर आहे; बाहेरची हवा सुखद असली तरी उन्हात उभ्या बंद गाडीतील तापमान जेवढे वाढायचे त्याचा बहुतेक भाग पहिल्या अर्ध्या तासातच वाढतो. पावसाळ्यात निघायचे म्हटले तर आमच्याकडे महामार्गाचीच खात्री नसते. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पाणी आल्याने तो कित्येक दिवस बंद होता. डिसेंबरमध्ये मात्र उसाचा हंगाम जोरात असतो. ट्रॅक्टरला जोडलेल्या, उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या अंधारात मागून नीट दिसत नाहीत आणि अचानक ब्रेक मारावा लागतो. म्हणून पहाटे लवकर निघण्याचा मोह टाळून, उजाडल्याशिवाय गाडी काढायची नाही असे आम्ही ठरवले.

सामानाचा टेम्पो आदल्या दिवशी आला. घर हलवताना मांजर हरवण्याचा धोका रस्त्यापेक्षा घरातच अधिक असतो, कारण दारे सताड उघडी असतात आणि अनोळखी माणसे जड वस्तू ओढत असतात. मी ठकीला डोली, पाणी आणि लिटरच्या, म्हणजे तिच्या शी-शूच्या वाळूच्या, ट्रेसह मागच्या खोलीत ठेवले, बाहेरून कडी लावली आणि दारावर ठळक अक्षरांत लिहिले, “आत मांजर आहे. दार उघडू नये.” हमाल भले होते. त्यांच्यातील एकाने तर जाता-येता इतरांनाही हळू बोलायला लावले.

रात्री अकरानंतर तिला खायला दिले नाही. पहाटे पाचला आईने ते पाहिले आणि तिला राहवेना. “उपाशीपोटी कुठं न्यायलीस गं तिला एवढ्या लांब?” असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. औषध देण्यासाठी मी कोंबडीचे दोन चमचे आळणी पाणी बाजूला काढले होते. आमच्याकडे आळणीत कांदा-लसूण पडतोच. पण कांदा आणि लसूण दोन्ही मांजरांना बाधतात, म्हणून हे नुसत्या पाण्यात उकडलेले होते. ते तिने चाटूनपुसून खाल्ले आणि आईचेही थोडे समाधान झाले. पावणेसात वाजता आम्ही निघालो.

डोली आम्ही पुढच्या डाव्या सीटच्या मागे, खाली पायांच्या जागेत ठेवली होती. आई पुढे बसल्यावर तिची सीट एवढी मागे घेतली की डोली दोन्ही बाजूंनी घट्ट बसली. राहिलेल्या फटीत टॉवेलच्या गुंडाळ्या खोचल्या. लहान कॅरियरसाठी ही जागा सर्वांत सुरक्षित. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचे जनावर कोणालाही हाताने धरून ठेवता येत नाही, आणि एअरबॅगसमोरच्या सीटवर तर कॅरियर कधीच ठेवू नये. डावी बाजू निवडण्यामागेही कारण होते. कोल्हापूरहून पुण्याकडे आपण उत्तरेला जातो, त्यामुळे सकाळचे ऊन उजव्या खिडक्यांतून येते. मी मागे उजवीकडे बसले, डोलीवर अर्धवट सुती कापड टाकले आणि खाली वारा पोहोचतो की नाही, हे अधूनमधून हात लावून पाहत राहिले.

पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत ती सतत ओरडत होती. नेहमीचे म्याव नव्हते ते. पोटातून येणारा, लांबलेला, घोगरा आवाज होता, आणि मला पुरातला दिवस आठवला. मी काही बोलले नाही, फक्त दोन बोटे जाळीतून आत सरकवली. किणीच्या टोलनाक्यापर्यंत तिने बोटांना गाल घासायला सुरुवात केली होती. पेठनाक्याच्या पुढे रुंदीकरणाच्या कामामुळे जागोजागी गाडी बाजूच्या रस्त्यावर घ्यावी लागत होती. खड्ड्यात चाक गेले की ठकी पंजे पसरून वाकळ घट्ट धरायची. त्या वेळी मला कळले की वाकळ वासापुरती नव्हती. तिच्या नखांना धरायला ते जाड शिवणीचे कापड होते. गुळगुळीत प्लास्टिकवर ती प्रत्येक वेळी घसरली असती. भाऊ तेथे वीस-पंचवीसच्या पुढे गेला नाही, आणि मागच्या गाड्यांनी कितीही कर्णे वाजवले तरी त्याने वेग वाढवला नाही.

कराडच्या अलीकडे मी तिचा श्वास मोजला. डॉक्टरांनी ही सोपी रीत शिकवली होती: पोट वर-खाली होते ते पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचे. शांत झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला तीसच्या आत असतो. गाडीत तो वाढणारच. माझा आकडा छत्तीस आला. काळजी करायची ती मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर, कारण कुत्र्याचे धापणे नेहमीचे असले तरी मांजराचे नसते. तसे दिसले की गाडी सावलीत थांबवायची, हवा गार करायची आणि तरीही थांबले नाही तर सरळ जवळचा पशुवैद्य गाठायचा. कराड, सातारा आणि शिरवळ या तिन्ही ठिकाणच्या दवाखान्यांचे क्रमांक मी वहीत लिहून घेतले होते. ते लागले नाहीत, परंतु ती वही जवळ होती म्हणून मी शांत राहू शकले.

कराडजवळ एका झाडाखाली आम्ही थांबलो. आई आणि भाऊ उतरले, मी आतून दारे लावली आणि डोली उघडून पॅड पाहिले. ते कोरडे होते. लहान ट्रेमध्ये लिटर घालून तिच्यासमोर ठेवले, पण तिने त्याकडे पाहिलेही नाही. पाण्याचे दोन घोट मात्र घेतले. बहुतेक मांजरे सहा-सात तास लघवी रोखून धरतात, हे मला माहीत होते, म्हणून मी आग्रह केला नाही. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. भाऊ दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन उभा होता आणि विचारत होता, “ताई, उघडू का?” मी डोलीची दोन्ही दारे लावली, कड्या ओढून पाहिल्या आणि मगच मान हलवली. चहा तोवर निवला होता.

साताऱ्यापर्यंतचा रस्ता बरा गेला. आनेवाडीनंतर ती चक्क झोपली. खंबाटकीला पुण्याकडे जाताना तेव्हा जुन्या बोगद्यातून जावे लागत असे. आत शिरताच अंधार आणि ट्रकांचा घुमणारा आवाज एकदम आला, तसे मी कापड खाली ओढून डोली पूर्ण झाकली. बाहेर पडल्यावर उतारावर लागोपाठ दोन वळणे होती, आणि तेथे पुष्कळ अपघात झालेले होते. भावाने गिअर कमी ठेवून ती वळणे घेतली. डोली जागची तसूभरही हलली नाही. पुढे खेड शिवापूर, कात्रजचा नवा बोगदा आणि नवले पुलाचा उतार तशाच सावकाशीने पार करून आम्ही एक वाजता वारज्यातील नव्या घरी पोहोचलो.

चौथ्या मजल्यावरचे घर होते, म्हणून गॅलरीला आणि सगळ्या खिडक्यांना आम्ही येण्याच्या आठ दिवस आधीच जाळी लावून घेतली होती. मांजर उंचावरून पडत नाही हा गैरसमज आहे. पक्ष्यामागे झेपावताना ते पडते. ठकीला संपूर्ण घर एकदम दाखवायचे नव्हते. आतल्या लहान खोलीत ट्रे, पाणी, खाणे आणि उघडी डोली ठेवून मी दार लावले आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसले. पावणेदोन तास ती डोलीतून हलली नाही. मग मिशा, मग एक पाय, मग पोट जमिनीला घासत ट्रेपर्यंत गेली आणि मोकळी झाली. खाल्ले मात्र तिने रात्री दहा वाजता. मांजराने दिवसभराहून अधिक काळ अन्न घेतले नाही तर यकृताला धोका संभवतो, म्हणून मी घड्याळाकडे डोळे लावून होते, आणि ताटलीतून चपचप आवाज आला तेव्हा आई दाराबाहेरून म्हणाली, “जेवली का गं माझी पोर?” तिसऱ्या दिवशी मी खोलीचे दार उघडले. एक आठवडा ती भिंतीच्या कडेकडेनेच फिरायची. महिनाभराने गॅलरीत ऊन कुठे पडते, हे तिला माझ्याआधी कळू लागले.

डोली आम्ही माळ्यावर टाकली नाही. दार उघडे ठेवून ती तशीच खोलीच्या कोपऱ्यात आहे आणि दुपारची झोप ठकी आजही तिथेच घेते.

२०२५ च्या जूनमध्ये, पाऊस जोर धरण्याआधी, भाऊ काही कामासाठी कोल्हापूरला शुक्रवार पेठेत जाणार होता. तेथे आमच्या शेजारणीकडे एक थोराड बोका आहे. मी त्याच्या मापाचा तसाच दुसरा कॅरियर विकत घेतला, आईने उरलेल्या वाकळेचा तुकडा त्यात घातला आणि तो भावाबरोबर पाठवून दिला. आठवड्याने शेजारणीचा फोन आला. पंचगंगेचे पाणी चढू लागले होते, पण इशारा पातळीच्या बरेच खाली होते. “आत जाऊन बसतोय वो, पण दार लावायला गेलं की पळतोय,” त्या सांगत होत्या. मी त्यांना म्हटले, “दार अजून लावूच नका, काकू. आत सुकट ठेवा, आणि उद्या मला पुन्हा फोन करा.”